मी स्वतः जबाबदार राहीन

माझा उजवा स्तन आता नाही.

हे वाक्य आधी मी 'उजवी बाजू' असं लिहिलं होतं. मग खोडलं. आमच्याकडच्या बायका त्या अवयवाचं नाव घेत नाहीत. 'पदराखाली दुखतंय' म्हणतात, 'पोर अंगावर पितं' म्हणतात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, दुखण्याचं नाव घ्यायचं नाही, अशी आमची शिकवण. सहासष्टाव्या वर्षी कॅन्सर झाला तेव्हा कळलं, नाव न घेतल्याने नवरा टिकतो तसा रोगही टिकतो.

मी मुरबाड तालुक्यातली. टोकावड्याच्या अलीकडे आमचं गाव. घरी भाताची शेती, आमचे हे, मुलगा भास्कर आणि सून कल्पना. भास्करची मुलगी ऋतुजा लग्न होऊन शहापूरकडे गेली. दवाखान्यात सुई लावून बसायचे तेव्हा शेजारच्या बायका म्हणायच्या, "आजी, तुमी बोलता ते लिवून काढा. आमच्या मागनं येनारीला उपयोगी पडंल." म्हणून लिहिते आहे. औषधांची नावं यात नाहीत, ती तुमचे डॉक्टर सांगतील. माझी फसवणूक कशी झाली ते यात आहे. मी कुणाला फसवलं तेही शेवटी सांगावं लागणार. टाळता येतं का बघणार होते, पण जमलं नाही.

अडाणी कशी झाले

माझं माहेर सापगाव, शहापूरजवळचं. सातवीपर्यंत शिकले. वर्गात दुसरी यायचे. पहिली यायची ती गुरुजींचीच मुलगी, तेव्हा माझी दुसरी म्हणजे पहिलीच धरा.

मुरबाडकडचं स्थळ आलं. मुलगा कष्टाचा, पण शाळा चौथीत सोडलेली. मध्यस्थाने माझ्या वडिलांना पडवीत गाठून सांगितलं, "पोरीची सातवी बोलू नका. दोन यत्ता सांगा. नवऱ्यापरीस बायको शिकलेली म्हटली का लोक बिचकतात." वडिलांनी दोन यत्ता सांगितल्या. सासरी आल्यावर सासूबाईंनी त्या दोनही काढून टाकल्या. माहेरचं 'सुमन' नावही काढलं आणि जानकी ठेवलं.

लग्नानंतरचं पहिलं मतदान आलं. सासूबाईंनी अंगठा दिला. कारकुनाने माझ्यापुढे पेन धरलं. मी हात पुढे केला, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात बाया अंगठाच देतात." मी तोच हात वळवून शाईच्या पॅडवर ठेवला. घरी पोचेपर्यंत गावात झालं, सून लई गरीब हाय. आमच्याकडे गरीब म्हणजे गाईसारखी. मला केवढा आनंद! ती पोरगी आज भेटली तर कान धरून विचारीन, "गो भवाने, सातवी शिकून तुला गाय व्हायचं व्हतं?"

पुढे पुढे त्या अडाणीपणात मला मजाच येऊ लागली. माझ्यासमोर लोक चिठ्ठ्या उघड्या टाकायचे. कोण कुणाला काय लिहितो ते मला सगळं ठाऊक. भास्कर कॉलेजात असताना त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर एका मुलीचं नाव सतरा वेळा लिहिलेलं मी वाचलं. ते नाव कल्पना नव्हतं. पाहुणे आले की मी पेपर मुद्दाम उलटा धरून बसायचे. पोरं हसायची, "आई, उलटा हाय!" मी म्हणायचे, "मना काय कळतंय?" आणि उलटासुद्धा वाचायचे.

एकदा भास्करला कडेवर घेऊन माहेरी निघाले होते. मुरबाडच्या स्टँडवर आमच्या गावातला एक चुलत दीर भेटला. एका एसटीकडे बोट दाखवून म्हणाला, "वैनी, ही शहापूरची, बसा." पाटीवर 'कल्याण' लिहिलेलं. मी स्वच्छ वाचलं. पण 'पाटी कल्याणची आहे' म्हटलं तर हा विचारणार, तुला कसं कळलं? बसले मी. पोर घेऊन कल्याणला गेले, स्टँडवरच भजी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. पाटी वाचून चुकीच्या गाडीत बसलेली बाई अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन.

ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं स्वतःशी आठवून हसत होते. आता हसताना मध्येच थांबते.

चरबीची गाठ

आंघोळ करताना हाताला गाठ लागली. हरभऱ्याएवढी, सरकत नव्हती, दुखत नव्हती. मग मी कल्पनाला सांगितलं. तिने भास्करला सांगितलं. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी हात लावून बघितलं, किती दिवसांपासून आहे ते विचारलं आणि चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे सुई घालून तपासणी झाली. आठ दिवसांनी बोलावलं.

त्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. हे आणि भास्कर आत गेले. माझ्या मांडीवर बिस्किटाचा पुडा. समोर एक बाई डोक्याला रुमाल बांधून बसलेली. मी मनात म्हटलं, बिचारी.

बरंच उशिराने दोघे बाहेर आले. भास्कर माझ्याकडे न बघता माझ्या पिशवीकडे बघत म्हणाला, "चरबीची गाठ हाय, आई. घाई नाय. ऋतुजाचं लग्न झालं का काढून टाकू."

"किती मोठी हाय म्हनाले?"

"चरबीची हाय," हे म्हणाले. मी विचारलं काय आणि हे सांगतात काय, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मी म्हटलं, "तुमी म्हनाल तसं."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे की आता ते ऐकलं तरी मला दातात खडा आल्यासारखं होतं.

मग खिडकीतल्या माणसाने एक कागद बाहेर सरकवला. "पेशंट कोण? सही का अंगठा?"

"अंगठा," आम्ही तिघंही एकदम बोललो.

तो बाहेर आला आणि कागद पुठ्ठ्यावर लावून माझ्या गुडघ्यावर ठेवला. वर मोठ्या ठळक अक्षरात काहीतरी छापलेलं. खाली मान घातली असती तर बिनचष्म्याचंही दिसलं असतं. पण अडाणी बाईने कागदाकडे बघायचं नाही, ही मी स्वतःला लावलेली शिस्त. मी वर पंख्याकडे बघत राहिले. तीन पाती होती आणि एकाला कोळ्याचं जाळं लागलेलं. त्या माणसाने माझा अंगठा धरला, शाईत बुडवला, कागदावर दाबला. थोडा फिरवला पण, चांगला उठावा म्हणून.

लाड

पुढचे तीन महिने माझे जे लाड झाले, ते बाळंतपणातही झाले नव्हते.

साखरेचा डबा कुठे असतो हे ज्यांना अठ्ठेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं, ते सकाळी चहा करून माझ्या हातात द्यायला लागले. चहा गुळचट आणि पातळ, पण हातात आयता. भास्कर मुरबाडच्या कंपनीतून येताना चिकू आणायचा. कल्पना हंडा उचलू द्यायची नाही. मी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "म्हातारपणी माजं नशीब उघडलं बाय."

एकदा कल्पना चुलीपाशी रडताना दिसली.

"काय गो, काय झालं?"

"काय नाय, आई. कांदा."

कांदा परातीत अख्खा होता. मी तो पाहिला आणि वळून गेले. विचारलं तर ती सांगेल, आणि सांगितलं तर मला ऐकावं लागेल. माझ्यात हे शहाणपण फार.

वैशाखात लग्न झालं. हळदीला मी नाचले. थोडी नाही, चांगली कंबर हलवून नाचले. गाठ तोवर सुपारीएवढी झाली होती आणि हात वर केला की काखेत ओढ बसायची. ह्यांनी मला नाचताना बघितलं आणि उठून मांडवाबाहेर गेले. मला वाटलं, म्हातारा लाजला.

फळीवरची फाईल

लग्नानंतर दहा-बारा दिवसांनी ऋतुजाला भेटायला जायचं ठरलं. एसटीत अर्ध्या तिकिटाला आधार कार्ड दाखवावं लागतं. ते शोधत होते. दुपारची वेळ, हे शेतावर, कल्पना नळावर. फळीवर दवाखान्याची फाईल होती. कार्ड तिच्यात असेल म्हणून खाली काढली.

फाईल लपवलेली नव्हती, हे मला सांगायचं आहे. कुलपात नव्हती, कपड्यांखाली नव्हती. तीन महिने माझ्या हाताच्या अंतरावर फळीवर होती. लग्नाच्या गर्दीत उकडलं की मी तिच्यातलं ते मोठं पाकीट काढून वारा घेत असे. ज्या घरात बाईला वाचता येत नाही, तिथे लपवायचं कशाला?

ह्यांचा चष्मा खुंटीला होता. तो लावला. बरेच कागद इंग्रजी, त्यांनी मला दाद दिली नाही. मग एक मराठी निघाला. वर ठळक अक्षरात 'उपचारास नकार'. खाली लिहिलं होतं की मला झालेल्या कर्करोगाची पूर्ण माहिती मला माझ्या भाषेत देण्यात आली आहे. उपचार तीन महिने पुढे ढकलण्याचा निर्णय मी कोणाच्याही दबावाशिवाय घेत आहे. त्यामुळे होणाऱ्या परिणामांना मी स्वतः जबाबदार राहीन.

आणि त्याखाली माझा अंगठा. निळा, छान उठलेला.

कर्करोग म्हणजे काय ते मला माहीत होतं. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी त्या शब्दावर थांबले नाही. 'जबाबदार' वर थांबले. या घरात आज भाजी कुठली करायची याला मी जबाबदार नव्हते. नातीचं शिक्षण, बैल विकणं, विहीर, कशालाच नाही. सगळं 'तुमी म्हनाल तसं'. आणि माझ्या मरणाला मात्र मी स्वतः जबाबदार! मला हसू आलं. एक कोंबडी आत शिरली होती, तिला हाकलायचं सुचलं नाही. ती तांदळाच्या सुपापर्यंत गेली, खाऊन गेली.

हसू थांबलं. फसवलं, हा शब्द मोठ्याने म्हणून बघितला. कुणी फसवलं? ज्याने अंगठा धरला तो परका माणूस होता. बाजूला उभे होते ते माझे होते.

ताटावर

दुसऱ्या दिवशी रविवार. भास्करला सुट्टी. सगळे जेवायला बसले. मी भात वाढला, आमटी वाढली, मग ह्यांचा चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर लावला आणि कागद उघडून मोठ्याने वाचायला लागले. सातवीत धडा वाचायचे तसा, विरामचिन्हांसकट.

'जबाबदार राहीन' पर्यंत आले. मला वाटलं, आता रडतील. भास्कर म्हणाला काय?

"आई, तुला वाचता येतं?"

"सातवी शिकलेय."

"सातवी?" तो ह्यांच्याकडे बघायला लागला. "बाबा, तुमाला ठाव व्हतं?"

"दोन यत्ता सांगितल्या व्हत्या," हे म्हणाले. आवाज असा, जसं सोयरिकीत खोट निघाली आहे आणि अजून परत करता येईल.

"म्हंजे एवढी वर्षं आमाला फशिवलंस?" भास्कर उठूनच उभा राहिला. "माज्या वह्या... आई, तू माज्या वह्या वाचल्यास?"

"त्या सतरा वेळावालीचं पुढं काय झालं रे?"

कल्पनाने वर बघितलं. भास्कर खाली बसला. एवढ्या दुःखातही मला ते बरं वाटलं, हे कबूल करते.

मग मी विचारलं, "का केलंत असं?"

कल्पना बोलली. "आई, लोकं म्हंतात हा रोग घरान्यात चालतो. आजीला हाय म्हटल्यावर नातीला कोन करनार? सोयरिक मोडली असती. पुढल्या आठवड्यात तुमाला नेनारच व्हतो."

"आनि मना सांगितलं असतं तर?"

तेव्हा हे बोलले. ताटाकडे बघत, सावकाश. "तुला इचारलं असतं तर तू काय म्हनाली असतीस? खरं सांग. म्हनाली असतीस ना, पोरीचं लगीन आधी होऊ द्या?"

म्हातारा खरं बोलत होता. मी तेच म्हटलं असतं. डोळे झाकून म्हटलं असतं. माझं सगळं बोलणं त्या एका वाक्याने बंद झालं, आणि त्याचा मला कागदापेक्षाही जास्त राग आला. उत्तर कुठेतरी होतं, पण तेव्हा सापडलं नाही.

सुई

सोमवारी मी दवाखान्यात गेले. कल्पना सोबत आली. आली म्हणजे मी चपला घातल्या, तेव्हा तीही घालू लागली.

तिथे पुन्हा कागद पुढे आला. "अंगठा ना?"

"पेन द्या," मी म्हटलं. वर ठळक काय लिहिलंय ते वाचलं, खालचं बारीकही कल्पनाकडून मोठ्याने वाचून घेतलं. एक शब्द कळला नाही तो विचारला. मागे रांग खोळंबली. खोळंबू दे. मग पेन टेकवलं आणि हाताने आपोआप लिहिलं, 'सुमन'. खिडकीतली बाई म्हणाली, "आजी, कार्डावर जानकी आहे." तेव्हा लक्षात आलं, अठ्ठेचाळीस वर्षं वागवलेलं नाव मी कधी लिहिलंच नव्हतं. 'जानकी' लिहायला मला तीन ओळींची जागा लागली.

सुईच्या खोलीत खुर्च्या आहेत, पलंग नाहीत. लाल रंगाचं औषध थेंब थेंब आत जातं आणि तुम्ही घड्याळ बघत बसता. पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले होते की सिस्टरचा हात सोडेना. ती म्हणाली, "आजी, माझा हात मला लागतो, दुसऱ्यांनाही टोचायचंय." ज्या बाईला मी 'बिचारी' म्हटलं होतं तसाच रुमाल तीन आठवड्यांत माझ्या डोक्यावर आला. केस गेले, मग भुवया गेल्या. आरशात बघितलं तर आमचे सासरेच उभे. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

उलट्या होतात. तोंडाला चव राहत नाही, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं. भाताची पेज आणि मिठातली कैरी, एवढंच माझ्या पोटाने ठेवून घेतलं. ज्यांना ही सुई लागणार आहे त्यांनी कैरी लागते का बघा, डॉक्टरांना विचारून. आणि घरात येणाऱ्या बाया रडायला लागल्या तर त्यांना भांडी घासायला लावा. रडणं लवकर आटपतं.

शेजारच्या खुर्चीवर चांगुणा असायची. टोकावड्याला रस्त्यावर तिचा ढाबा. ती म्हणायची, "आजी, माजा नवरा म्हंतो, डॉक्टर म्हनतील तसं. मी म्हटलं, भाजीत मीठ किती ते तू डॉक्टरला इचारतोस का?" आम्ही दोघी हसायचो आणि सुईचा हात हलला म्हणून सिस्टर ओरडायची. एकदा चांगुणा आली नाही. त्या दिवशीची भीती मला लिहिता येणार नाही. पुढच्या वेळी आली, भाचीच्या बारशाला गेली होती. मी तिला इतक्या शिव्या दिल्या की डॉक्टर बघायला आले.

ऋतुजाला कळलं तेव्हा ती फोनवर आधी रडली, मग ओरडली, "आजी, माझ्या लग्नाच्या नावावर हे केलं? मला विचारलं का कुणी?" तिच्या सासरी कळलं. सोयरिक मोडली नाही. व्याह्यांनी एवढंच विचारलं, आधी का नाही सांगितलं, आणि नातजावई चार वेळा गाडी घेऊन दवाखान्यात सोडायला आला. ज्या माणसांच्या भीतीने माझं दुखणं फळीवर ठेवलं होतं, त्यांनीच मला पुढच्या सीटवर बसवलं. मागच्या सीटवर भास्कर बसायचा, काचेतून बाहेर बघत.

घरी मी त्या तीन महिन्यांचं हत्यार केलं होतं. चहा गार आला, "तीन महिने." आमटी खारट, "तीन महिने." भास्कर जेवता जेवता उठून जायचा. मला दिसायचं. मी थांबले नाही.

त्या 'मग'मध्ये काय होतं

दिवाळीच्या आसपास ऑपरेशन झालं. टाके निघाले त्या दिवशी मी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. मुलगी लहान, माझ्या ऋतुजाहून दहा वर्षांनी मोठी असेल. "बाई, खरं सांगा. ते तीन महिने गेले नसते तर काय झालं असतं?"

त्यांनी फाईल उघडली. "काखेत गेलं नसतं कदाचित. सुया कमी लागल्या असत्या कदाचित. नक्की कुणीच सांगू शकणार नाही, आजी." मग पान उलटून म्हणाल्या, "पण इथे लिहिलंय, गाठ लागल्यावर आठ दिवसांत तुम्ही दाखवलं. पहिल्या तपासणीतच ती दोन सेंटिमीटरच्या वर होती. आठ दिवसांची वाटत नाही."

मी पंखा शोधायला वर बघितलं. त्या खोलीत एसी होता.

आता वरचं माझं वाक्य परत बघा. 'आंघोळ करताना हाताला गाठ लागली. मग मी कल्पनाला सांगितलं.' त्या 'मग'मध्ये पाच महिने आहेत. श्रावणात गाठ लागली. पौषात सांगितली. आधी म्हटलं, लावणी नुकती झालीय, दमले असतील. मग कापणी. मग दिवाळी. ही सगळी निमित्तं. खरं कारण हे की गाठ आहे असं मी म्हटलं असतं, तर तिचं काय करायचं हे मला ठरवावं लागलं असतं. मी वाट बघत होते की कुणीतरी आपणहून विचारेल, आणि मग ते म्हणतील तसं. पाच महिने कुणी विचारलं नाही. पदराखालचं कोण विचारणार?

बायांनो, म्हणून लिहिते आहे. लागलं तर त्याच दिवशी सांगा. ऐकणारा कुणी दिसला नाही तर स्वतः गाडीत बसा. गाडीची पाटी वाचता येत नसेल तर दोघांना विचारा.

दवाखान्यातून आल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तीन महिन्यांचं हत्यार हातात धरवेना, टाकवेना. पाच महिन्यांचं कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाई सांगणार नव्हत्या. मी गप्प बसले असते तर जन्मभर मीच एकटी फसवलेली राहिले असते. फार सुखाची जागा आहे ती. सोडवत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसलो होतो, मी आणि हे. भास्कर कंपनीतून येऊन पायरीवर बूट काढत होता. मी सांगून टाकलं. श्रावणापासून पौषापर्यंत सगळं.

भास्करच्या हातात एक बूट तसाच राहिला. "पाच महिने?" तो म्हणाला. "आनि मी रोज... आई, मी रोज कंपनीत जिन्यात बसून..." त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. रागावला होता, आणि त्याला रागावायचा हक्क होता. मी मान खाली घातली नाही, पण वरही बघितलं नाही.

हे वाल सोलता सोलता म्हणाले, "आमी तीन, तू पाच. मंग इतके दिवस आमाला कशापायी सोलत व्हतीस गो?"

तेव्हा, सहा महिन्यांनी, त्या ताटावरच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडाशी आलं.

"पाच मी घालवले," मी म्हटलं. "माजे व्हते, माज्या हातानं चुलीत घातले. त्याचं मी कुनाला बोलनार नाय. पन ते तीनसुद्धा माजेच व्हते, ओ. इचारलं असतंत तर पोरीसाठी दिले असते, हसत दिले असते. तुमी घेतलेत. दिलेलं आनि घेतलेलं एक नसतं."

सोललेला एक वाल ह्यांनी सालांच्या ढिगात टाकला आणि साल भांड्यात. मी ती उचलली नाही.

राग गेला का, असं चांगुणा फोनवर विचारते. नाही गेला. कमी-जास्त होतो, ऑपरेशननंतर हाताला आलेल्या सुजेसारखा. गोळ्या पाच वर्षं घ्यायच्या आहेत, रागाची मुदत डॉक्टरांनी सांगितलेली नाही.

त्या संध्याकाळी भास्करने हातातला बूट खाली ठेवला. "आई, सोमवारी तपासनी हाय तुजी," तो म्हणाला. "मी रजा टाकू का? येऊ का संगट?"

एरवी तो 'रजा टाकतो' म्हणाला असता. या वेळी त्याने विचारलं, ते मला ऐकू आलं होतं. पण त्याला तसाच पायरीवर, एका पायात बूट, बसवून ठेवला. उरलेले वाल सोलून संपवले, मग ये का नको ते सांगितलं.